जावेच्या हातातलं कडं

कार्यक्रम दुपारी दोनचा होता, आणि सकाळी साडेदहाला सारिका ऐवळे तरडवाडीच्या एका घरासमोर उभी राहून दार वाजवत होती.

वाघेरीच्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रात तिचं पद लांबलचक होतं: निष्कर्ष प्रसार अधिकारी. म्हणजे डॉक्टर मंडळींनी वर्षानुवर्षं खपून जे शोधून काढलं, ते मंत्रालयातल्या साहेबांना पाच मिनिटांत आणि वाडीवरच्या आशाताईला दोन ओळींत कळेल अशा बेतानं सांगायचं. चौदा वर्षं ती हेच करत होती. आपल्याला ते जमतं याचा तिला थोडा ताठाही होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

आज खुद्द आरोग्य सचिव येणार होत्या. भाषणं, आकडे, नकाशे सगळं तयार होतं. फक्त एका गरोदर बाईचं मनोगत हवं होतं. पाहुण्यांना आकडे लक्षात राहत नाहीत, बाई लक्षात राहते, हे सारिकाला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं यादी चाळली आणि सगळ्यात चोख नोंद निवडली. ईश्वरी गोरड, वय बावीस, पहिलटकरीण, छत्तिसावा आठवडा. चोवीस आठवडे केंद्राचं नाडी मोजणारं कडं हातात, एका दिवसाचाही खंड नाही. सारिकाच्या फोनवरचा हिरवा ठिपका सांगत होता की ईश्वरी आत्ता याच घरात, दहा पावलांवर आहे आणि सुरक्षित आहे.

दार उघडलं. दारात तिशीची एक उंच, सडपातळ बाई उभी होती. हात पिठानं माखलेले, पोट सपाट. डाव्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या मागं, केंद्राचं करड्या रंगाचं कडं.

"ईश्वरी?" सारिकानं विचारलं खरं, पण तिचा आवाज आधीच खाली आला होता.

"म्या अंकिता. तिची थोरली जाऊ. ईश्वरी माहेरला हाय की, हिवरगावला. सातव्यात वटी भरली न् धाडली. पैलं बाळातपण न्हवं का!"

"आणि हे कडं?"

"तिचंच की." अंकितानं मनगट पुढं केलं, एखादं बक्षीस दाखवावं तसं. "दीड म्हैना झाला, येक दिस उतरलं न्हाई बगा. आंगुळीला सुदिक न्हाई."

"तुमच्या हातात का पण?"

"मग कुनाच्या? सासूबाई म्हनल्या, नोंद हितली, चार्जिंगची थाळी हितं भितीला, तर वस्तू हितंच ऱ्हाऊ दे. पर मोकळं ठिवू नगा असं कागदावर लिवलंय. काकण उतरून ठेवत्यात व्हय कुनी, भरल्या घरात? म्हनून म्या धरलं. जावंच्या वतीनं उपास धरावा तसं." ती हसली. "तिचं चांगलं व्हावं म्हनूनच की ओ, ताई."

तो कागद दाराशेजारीच चिकटवलेला होता. केंद्राचं पत्रक. वर बाळाला घेतलेल्या आईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत: "हे कडं म्हणजे काकण समजा. उतरवू नका, मोकळं ठेवू नका."

हे वाक्य सारिकाचं होतं. कडं बनवणाऱ्या कंपनीकडून आलेल्या माहितीपत्रकात अकरा सूचना होत्या. त्यातली पहिली होती, 'यंत्र संबंधित महिलेनेच परिधान करावे.' सारिकानं ती हसून खोडली होती. हे काय कुणाला सांगावं लागतं? मग तिनं काकणाची ओळ लिहिली, आणि ती वाचून डॉक्टर शेटे म्हणाले होते, "सारिका, या एका ओळीनं दहा प्रशिक्षणं वाचवलीस." ती ओळ तीनशे गावांत भिंतींवर लागली. लोकांनी ती अक्षरशः पाळली, आणि तिथंच सगळं बिघडलं होतं.

कडं काय करत होतं हे समजून घेतलं, तर सारिकाच्या पायाखालची जमीन का सरकली ते कळेल. काही गरोदर बायकांमध्ये वार गर्भाशयात नीट रुजत नाही. उपाशी राहिलेली ती वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते आणि त्यांनी आईच्या बारीक रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. पुढं रक्तदाब चढतो, सूज येते, डोकं दुखतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर झटके येऊन आई आणि बाळ दोघंही दगावतात. गोम अशी की रक्तदाब वाढलेला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पण वाहिन्या त्याच्या कितीतरी आधी कडक व्हायला लागतात. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट मनगटापर्यंत येते, आणि तिच्या मागोमाग, शरीराच्या टोकांवर आपटून परतलेली दुसरी, लहान लाट. वाहिन्या मऊ असतील तर ती सावकाश येते, कडक झाल्या की लवकर. कडं आपल्या हिरव्या प्रकाशानं या दोन लाटांमधलं अंतर रात्रंदिवस मोजत असे. अंतर घटायला लागलं की नर्सबाईंच्या फोनवर बाईचा ठिपका पिवळा व्हायचा, फारच घटलं की तांबडा. रक्तदाबाच्या यंत्राला कळायच्या तीन ते सहा आठवडे आधी.

यंत्रात खोट नव्हती. ते ज्या मनगटावर होतं त्या मनगटाविषयी खरंच सांगत होतं. या घरात ते दीड महिना अंकिताच्या निरोगी नाडीविषयी खरं सांगत होतं.

"ईश्वरीला फोन लावा," सारिका म्हणाली.

फोन ईश्वरीच्या आईनं उचलला. "झोपलीया. दोन दिस डोस्कं धरलंय तिचं. डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हनती. तोंड सुजलंय, पर पहिलटकरणीला सूज येतीच की. नर्सबाई? न्हाई आली. फोन केलता म्या, तर म्हनली तुमच्या पोरीचं हिरवं दिसतंय, समदं ब्येस हाय."

सारिकानं अंकिताकडं पाहिलं. अंकिता अजून हसतच होती, पण आता ते हसू नुसतं ओठांवर उरलं होतं.

हिवरगावच्या नर्सबाईंचा फोन क्षेत्राबाहेर. सारिकानं रुग्णवाहिकेच्या केंद्राला लावला. पलीकडच्या मुलीनं ईश्वरीचा क्रमांक घातला आणि गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, यांच्या कार्डावर 'सुरक्षित' दिसतंय. घाट रस्त्यावर दोन अपघात आहेत, त्यांना आधी गाड्या द्याव्या लागतील. संध्याकाळपर्यंत पाठवते."

"अहो, ते कार्ड चुकीचं आहे!"

"मॅडम, कार्ड थेट कड्यावरून येतं. आम्हाला ते बदलता येत नाही. तांबडं झालं तर गाडी आपोआप निघते."

ईश्वरीचे वडील गाडी घेऊन जनावरांच्या बाजाराला गेलेले. शेजारी विचारून बघते, असं तिची आई म्हणाली, पण सरकारी फोनवर सगळं ब्येस असताना ही बाई एवढी का घाबरलीय हे तिला कळत नव्हतं, आणि त्यात तिची काय चूक?

हिवरगाव साठ किलोमीटरवर होतं, तालुक्याच्या हद्दीपलीकडं. ज्या यंत्रणेचा फक्त कड्यावर विश्वास होता, तिला खरं सांगायचा एकच मार्ग होता.

"अंकिता, हे कडं ईश्वरीच्या हातात गेलं पाहिजे. आत्ताच्या आत्ता. कोण नेईल?"

"ह्यांची गाडी हाय. रानात गेल्यात, बलावते." अंकितानं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. "ताई, माज्यामुळं झालं का ओ काय?"

"नाही," सारिका म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं, पण ते तिनं गिळलं. त्याची तिला स्वतःचीच चीड आली.

---

केंद्रात परतली तेव्हा बारा वाजून गेले होते. पटांगणात मांडव, रांगोळी, पाण्याचे जार, सगळी लगबग. सारिका कुणाशी न बोलता आपल्या खोलीत गेली आणि संगणक उघडला.

एकच गोष्ट तपासायची होती. गरोदर बाईचं हृदय दोघांसाठी धावतं. शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे ठोके मिनिटाला दहा-पंधरांनी जास्त असतात. तिनं सगळ्या पहिलटकरणींची नाडी आठवड्यागणिक मांडली. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत नव्वद, ब्याण्णव, चौऱ्याण्णव. आणि मग तिसाव्याच्या आसपास एका रात्रीत ब्याहत्तर. एका बाईचं नव्हे, ओळीनं कितीतरी जणींचं. ओटी भरायची, लेक माहेरी धाडायची, आणि नाडी खाली.

ही घसरण केंद्राला नवी नव्हती. ती त्यांनी कधीच पाहिली होती आणि तिला नावही दिलं होतं: 'सोबतीचा परिणाम'. कड्याची सोबत मिळाली की मातेचा ताण कमी होतो आणि शेवटच्या महिन्यांत हृदय शांत होतं. आजच्या सादरीकरणातला तो सर्वांत टाळ्या घेणारा निष्कर्ष होता. त्याचं चित्र सारिकानंच काढून घेतलं होतं, खाली निळ्या अक्षरांत 'आई निश्चिंत' असं लिहून. कडं दुसऱ्याच्या हातात गेलं तर ओळखणारी सोयही यंत्रात होती, पण गरोदरपणात नाडी बदलत जाते म्हणून ती सारखी खोटी बोंब मारायची. ती पहिल्याच महिन्यात बंद करून ठेवली होती.

दोन वर्षांतल्या चार हजार एकशे बारा बायकांपैकी बाराशे चौसष्ट जणींची नाडी अशीच घसरली होती.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती आठवली नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. माहेरी गेलेली बाई तिकडं दगावली, तर तिचं मरणही माहेरच्या तालुक्यात नोंदलं जातं. केंद्राच्या अहवालात ते येतच नाही. तिनं शेजारच्या तालुक्यांच्या याद्या मागवल्या आणि नावं जुळवली. दोन नावं जुळली. त्यातली एक बाई तिकडच्या दवाखान्यात झटके येऊन गेली तो दिवस, ती वेळ सारिकानं कड्याच्या नोंदीत शोधली. इकडं कडं सांगत होतं: सुरक्षित.

डॉक्टर विद्याधर शेटे आपल्या खोलीत भाषणाची शेवटची उजळणी करत होते. सहासष्ट वर्षांचा माणूस, पुण्यातलं भरभराटीचं प्रसूतिगृह सोडून या कोरड्या मुलखात आलेला. सारिकाला डी.टी.पी. ऑपरेटरची अधिकारी त्यांनीच केलं होतं. तिनं सगळं सांगितलं.

"किती जणी म्हणालीस?"

"बाराशे चौसष्ट."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सारिका, कडं खोटं नाही. सातव्या महिन्यापर्यंत आपण त्याच्या जिवावर दोनशे एकतीस जणी वेळेत पकडल्या. त्या आज जिवंत आहेत. मी आज त्या व्यासपीठावर 'चूक' एवढा एक शब्द उच्चारला, की सचिव मॅडम पुढचं काही ऐकणार नाहीत. प्रकल्प गुंडाळतील, आणि या दोनशे एकतीसनंतरच्या बायकांना कुणी वाली उरणार नाही."

"आणि नाही बोललात तर आज संध्याकाळी आदेशावर सही होईल, सर. हिरव्या कड्याच्या बाईला आठव्या-नवव्या महिन्यात नर्सबाईनं भेटायची गरज नाही. सगळ्या राज्यात."

"आदेश खाली पोचायला तीन महिने जातात. तेवढ्यात आपण दुरुस्ती करू."

"हिवरगावच्या नर्सबाईंनी तो निघायच्या आधीच पाळलाय, सर. हिरवं दिसतंय म्हणून त्या गेल्याच नाहीत."

शेटे हळू म्हणाले, "आशांनी हे कळवायला हवं होतं. त्यांच्या हलगर्जीपणाचा वेगळा अहवाल करता येईल. तुझ्यावर काही येणार नाही."

सुटकेचं दार असं उघडून समोर ठेवलं होतं, आणि सारिकाला क्षणभर मोह झाला. तो झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तरडवाडीची आशा म्हणजे मंगल गडदे, सारिकाची सख्खी मावशी.

"पहिली सूचना मी खोडली होती, सर."

"आणि मी त्यावर सही केली होती." शेटे उठले. "दोन वाजता मी बोलेन. तू सूत्रसंचालन कर. तेवढंच कर."

---

मांडवाच्या दाराशी मंगलमावशी गुलाबी साडीतल्या बाकीच्या आशांबरोबर उभी होती. सारिकानं तिला बाजूला घेतलं.

"मावशी, तुला माहीत होतं? कडी घरातल्या दुसऱ्याच बायका घालतात म्हणून?"

"आता गं बया! समद्या आशांस्नी ठावं हाय की."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

सारिका लहानपणी खोटं बोलताना पकडली गेली की मावशी जशी पाहायची, तसं तिनं पाहिलं. "खंड पडला की तुमच्या हापिसातनं फोन येतो, का पडला म्हनून. न्हाई पडला तर येत न्हाई. तुमी इच्यारता, किती दिस हातात हाय. कुनाच्या हातात हाय, ह्ये कवा इच्यारलंस? चौदा वर्सं तू सांगायलाच येतीयास, सारे. इच्यारायला कवा आलीस?"

सारिकानं अंकिताला फोन लावला. क्षेत्राबाहेर. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत आल्या.

मांडव गच्च भरला. पुढं सचिव मॅडम, जिल्ह्याचे अधिकारी, तालुक्यांतले डॉक्टर. मागं दोनशेच्या वर आशा. पडद्यावर तालुक्याचा आणि आसपासच्या मुलखाचा भला मोठा नकाशा आणि त्यावर आत्ता या क्षणी चालू असलेली सतराशे तीस कडी, हिरव्या ठिपक्यांच्या रूपात. मधे चार-दोन पिवळे. हा नकाशा भाषणभर मागं चालू ठेवायची कल्पनाही सारिकाचीच होती.

शेटे बोलू लागले. चांगले बोलत होते. सारिका माईक घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभी होती आणि तिचे डोळे एकाच ठिपक्यावर खिळले होते. नवरा रानातून यायलाच वेळ गेला असावा; एक वाजून गेल्यावर तरडवाडीतून निघालेला तो ठिपका पूर्वेच्या रस्त्यानं सरकत होता. थांबायचा, पुन्हा सरकायचा. अजून हिरवाच. अंकिता नवऱ्यामागं गाडीवर बसलेली, हात घट्ट धरून. सारिकाला ती जणू दिसत होती.

"आता मी आमचा सगळ्यात आनंदाचा निष्कर्ष मांडतो," शेटे म्हणाले, आणि थबकले, कारण सचिव मॅडमनी हात वर केला होता.

"डॉक्टर, एक मिनिट. मघापासून बघतेय. तो उजवीकडचा ठिपका... त्याच्यावर टिचकी मारा जरा. हं. छत्तिसावा आठवडा. छत्तीस आठवड्यांची बाई अशा रस्त्यावरून इतक्या वेगानं चाललीय कुठं?"

मांडवात हशा पिकला. शेट्यांच्या कपाळावर घाम आला. "माहेरी... माहेरी निघाली असेल," ते म्हणाले. पुन्हा हशा. त्या हशाखाली त्यांनी सारिकाकडं पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणीच होती, आणि कसली विनवणी ते सारिकाला अखेरपर्यंत कळलं नाही.

तिनं माईक तोंडाशी धरला.

"मॅडम, बाई दीड महिन्यापूर्वीच माहेरी गेलीय. आता नुसतं कडं चाललंय."

हसू थांबलं. सारिका सांगत गेली. जाऊ, उपास, पत्रक, नाडी, दोन नावं. साहेबांना पाच मिनिटांत कळेल असं सांगणं हे तिचं कामच होतं. तिला तीन मिनिटं लागली. शेवटी तिनं काकणाची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाली, "ही ओळ मी लिहिली. 'ज्या बाईचं आहे तिनंच घालावं' ही ओळ मी खोडली. आशांनी कागदावर होतं तेवढं पाळलं."

जिल्ह्याचे एक अधिकारी ताडकन उठले. "मॅडम, ही सरळसरळ फसवणूक आहे. या आशांवर..."

"बसा," सचिव मॅडम म्हणाल्या. त्यांनी मान वळवून मागच्या रांगांकडं पाहिलं. "खरंय का हे?"

दोनशे गुलाबी पदर गप्प. नोकरी जायची भीती कुणाला नसते? मग मधूनच एक खुर्ची सरकली. मंगलमावशी उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "माज्या वाडीत सात कडी दुसऱ्यांच्या हातात हायीत. तुमी म्हनला तर आत्ता उतरवाय लावते." आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन कानाला लावला. "ए सुमे, वैनीचं कडं काड हातातलं. व्हय, आत्ताच. काय होत न्हाई, मी सांगतीया न्हवं."

पडद्यावर तरडवाडीतला एक ठिपका विझला. मग आणखी एक.

मावशीशेजारची आशा उठली. मग तिच्या मागची. थोड्या वेळात मांडवात दोनशे फोन एकदम चालू झाले, बाजार भरल्यासारखा गलका. नकाशावर हिरवे ठिपके विझायला लागले, इकडं दोन, तिकडं पाच, एका वाडीत तर सगळेच. शेटे व्यासपीठावर उभे राहून बारा वर्षांचं काम डोळ्यांदेखत विझताना पाहत होते. सारिकाला त्यांच्याकडं बघवेना. ज्या माणसानं आपल्याला उभं केलं त्याचं हे आपण करतोय, असं तिला वाटलं.

मग शेटे माईकशी आले. "शेवटच्या दोन महिन्यांची आमची सगळी आकडेवारी बाजूला ठेवा," ते म्हणाले. "ती या बायकांची नाही. आठव्या-नवव्या महिन्यातली नर्सची भेट बंद करू नका. ही आमची शिफारस समजा, आणि आज तेवढीच समजा."

सचिव मॅडमनी समोरची फाईल मिटली. "आणि ती?" त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

पूर्वेचा तो ठिपका हिवरगावात पोचून थांबला होता. बघता बघता तोही विझला.

"उतरवलं," सारिका म्हणाली. "आता तिच्या हातात जाईल. नाडी मोजायला दहा मिनिटं लागतात."

ती दहा मिनिटं मांडवात कुणी चहाचा कपही उचलला नाही. करडा ठिपका. करडाच. सारिकाच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. उशीर झाला असेल. ईश्वरी उठतच नसेल. अंकिताला कडं दुसरीच्या हातात लावताच येत नसेल, तिला कुणी शिकवलंय?

ठिपका हिरवा झाला नाही. पिवळाही झाला नाही. एकदम तांबडा झाला. अंधारलेल्या नकाशाच्या कडेला तेवढाच एक तांबडा ठिपका, आणि त्याखाली आपोआप उमटलेली ओळ: 'अतिजोखीम. रुग्णवाहिका रवाना. अंतर नऊ किलोमीटर.'

सारिकाचा फोन वाजला. तिनं तो माईकजवळ धरला हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

"ताई!" अंकिता रडत होती. "तांबडं झालं ओ! माज्या हातात इतकं दिस हिरवं व्हतं, तिच्या हातात घातलं न् तांबडं झालं. माजं काय चुकलं का? उपासात काय खोट ऱ्हायली का? काडू का ह्ये?"

"नका काढू. अंकिता, ऐका माझं. तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. तांबडं झालं तेच बरोबर आहे. ईश्वरी बोलतीय का?"

"बोलतीया... दिसत न्हाई म्हनती नीट."

"डाव्या कुशीवर निजवा. हात धरून बसा. गाडी निघालीय."

सचिव मॅडम उठून जिल्हा रुग्णालयाला फोन लावत होत्या. शेटे सारिकाच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि फोनकडं वाकून, इतकी वर्षं बाळंतपणं केलेल्या माणसाच्या आवाजात सांगू लागले, गाडीतल्या माणसाला कुठलं इंजेक्शन मागायचं, किती द्यायचं. अंकिता प्रत्येक शब्द मोठ्यानं परत म्हणत होती.

आठ मिनिटांनी फोनमधून लांबवरचा भोंगा ऐकू आला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

"आली ओ ताई, गाडी आली!" मग धावपळ, दारं, पुरुषांचे आवाज, आणि त्यातून पुन्हा अंकिता, धापा टाकत, "ताई, उचलून न्येतायत तिला. कडं? कडं तिच्या हातात ऱ्हाऊ दे का?"

"राहू दे," सारिका म्हणाली. "तिचंच आहे ते."